२०११ चा छोटा हत्ती घेतलाय, रोपांच्या ट्रेसाठी रॅक करायचाय. मागचा एकेक पाटा (स्प्रिंगची लोखंडी पट्टी) काढू का?

रोपवाटिका_जुन्नर

नमस्कार. नारायणगावपासून ११ किलोमीटर आत आमची दहा गुंठे शेडनेटची रोपवाटिका आहे. टोमॅटो मुख्य, त्याबरोबर मिरची, फ्लॉवर आणि दसऱ्याच्या आधी झेंडू. सासूबाई, मी आणि हाताखाली दोघी जणी. आजवर रोपं पोचवायला भाड्याची गाडी सांगत होतो. ओतूरला किंवा बेल्ह्याला एका खेपेचे १,२०० ते १,५०० रुपये, तेही गाडीवाल्याच्या सवडीनं. टोमॅटोचं रोप २२-२५ दिवसांचं झालं की त्याला थांबवून चालत नाही. मे महिन्यात ऐन लग्नसराईत तीन दिवस गाडी मिळाली नाही आणि ४० ट्रे रोप काडीसारखं लांबलं. शेतकऱ्यानं नेलं, पण निम्मे पैसे कापून. त्याचं काही चुकलं नाही, तसलं रोप मीही पूर्ण पैशांत घेतलं नसतं. त्या रात्रीच ठरवलं, आपली गाडी घ्यायची.

जूनमध्ये २०११ ची टाटा एस मिळाली, १,०५,००० रुपयांना. आधीच्या मालकानं तीत वर्षानुवर्षं कोंबडीखत वाहिलंय. हौदा तीन वेळा धुतला तरी पाऊस पडला की वास उठतो. मागच्या उजव्या कोपऱ्यात रंगाला फोड आले होते, तिथं स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर पापड मोडावा तसा पत्रा मोडला आणि खालचा टायर दिसला. तळहाताएवढं भोक पडलंय. बाकीचा तळ हातोडीनं ठोकून पाहिला, तो भरीव वाजतो. इंजिन सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फला सुरू होतं, थोडा पांढरा धूर येतो आणि जातो. चढाला तापमानाचा काटा वर सरकतो, सपाटीला आला की उतरतो.

आता खरी अडचण. गेल्या आठवड्यात हौद्यात फळ्या टाकून दोन थरांत ३६ ट्रे घेऊन ओतूरला गेले. रस्ता आमच्याकडचा नेहमीचा, गावाबाहेर पडेपर्यंत खड्डे. उतरवताना पाहिलं तर फाळक्याजवळच्या ट्रेमधले गड्डे (रोपाच्या मुळांनी धरलेला कोकोपीटचा गोळा) जागेवरून उडाले होते. एका ट्रेत १०४ पैकी ४३ रोपं मुळासकट आडवी पडलेली. केबिनला लागून जे ट्रे होते त्यांतली दोन-तीनच हलली होती. म्हणजे गाडी मागून दणके देते. भाड्याच्या गाडीतही रोपं उडायची, पण इतकी कधीच नाही.

गावातल्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, "दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढून टाकू, गाडी मऊ होईल." ७०० रुपयांत एका तासाचं काम म्हणाला. मला ते पटकन करून घ्यावंसं वाटलं, पण पाटा एकदा काढला की गाडीचं पुढं काय होतं ते कुणाला तरी विचारावं म्हणून थांबले. दुसरं म्हणजे ट्रेसाठी पाच कप्प्यांचा लोखंडी रॅक करायचाय. फॅब्रिकेशनवाला म्हणतो हौद्यालाच वेल्डिंग मारून टाकू, कायमचं काम होईल. आणि तिसरं, माझं लायसन्स साधं चारचाकीचं आहे. पिवळ्या पाटीच्या गाडीला ते चालतं का? पोलिसांनी अडवलं तर दारात वाट बघणाऱ्या शेतकऱ्याचं रोप सुकेल, म्हणून आधीच विचारते.

पाना_दहाबारा (इचलकरंजी)

ताई, पाटा काढू नका. ७०० रुपये वाचवले म्हणून नंतर ७,००० घालायची पाळी येते.

आमचं गॅरेज ३१ वर्षं चालू आहे. ही गाडी मे २००५ मध्ये बाजारात आली, तेव्हापासून आमच्याकडे येते. तिचे पाटे ७५० किलो मालासाठी घातलेत. तुमचा माल रॅक धरून फार तर ३०० किलो भरेल, म्हणून पाटा दबतच नाही आणि खड्ड्याचा दणका सरळ हौद्यात येतो. इथवर तुमच्या गॅरेजवाल्याचं बरोबर आहे. पण कमान, म्हणजे पाट्यांचा सगळा जुडगा, वाकते ती पाटे एकमेकांवर सरकतात म्हणून. तुमच्या गाडीनं कोंबडीखत वाहिलंय, आणि खताचं पाणी झिरपून पाट्यांच्या मधे बसलं की सगळे पाटे गंजून चिकटतात. मग ती कमान राहत नाही, एकच जाड लोखंडी पट्टी होते. खाली वाकून पाट्यांची टोकं बघा. सरकणाऱ्या पाट्याचं टोक वरच्या पाट्यावर घासून चकाकतं. तुमच्याकडे तिथं तांबडी भुकटी दिसली तर दुखणं तिथंच आहे.

पाटा काढला तर रिकाम्या गाडीत थोडा फरक पडेल, खोटं बोलत नाही. पण वर्षातून चार वेळा तुम्ही कोकोपीटच्या गोण्या आणाल, कुणी शेजारी सिमेंट आणा म्हणेल, त्या दिवशी सगळा भार मेन पाट्यावर येईल. मेन पाटा डोळ्याजवळ, म्हणजे टोकाच्या गोल वळलेल्या भागाजवळ, तुटला की मागचा ॲक्सल एका बाजूनं सरकतो आणि गाडी वाकडी चालते. घाटात हे झालेलं मी पाहिलंय.

काम असं करून घ्या. चासी घोडीवर घेऊन पाट्यांचा जुडगा खाली काढायचा, सुटा करायचा, एकेक पाटा तारेच्या ब्रशनं घासायचा, चीर आहे का बघायची आणि ग्रॅफाइट ग्रीस लावून परत बांधायचा. सेंटर बोल्ट नवा, यू-बोल्ट चारही नवे. जुना यू-बोल्ट एकदा ताणलेला असतो, परत आवळला की आटा धरत नाही. शॅकलचे (पाट्याला चासीशी जोडणारी कडी) बुश नवे घाला, आणि बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं. ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत तपासा.

त्याच वेळी मागचे दोन्ही शॉकअप काढून हातानं दाबून बघा. दाबलेला दांडा जड जायला हवा. सरसर आत गेला तर शॉकअप मेलाय. रोपं उडायला पाट्याएवढंच शॉकअपही कारण असतं, कारण खड्ड्यानंतर हौदा दोन-तीन वेळा उसळतो आणि दुसऱ्या उसळीला गड्डा बाहेर येतो.

इंजिनाकडे पण लक्ष द्या. इंडिकाचं १,४०५ सीसीचं चार सिलिंडर डिझेल इंजिन होतं, त्याचं हे निम्मं, ७०२ सीसी, दोन सिलिंडर. ताकद १६ हॉर्सपॉवर, त्यामुळे एक सिलिंडर जरी कमजोर झाला तर निम्मी गाडी गेली म्हणा. सकाळच्या पांढऱ्या धुराला आधी हीटर प्लग तपासा, स्वस्तातलं काम आहे. मग इंजिन चांगलं गरम झाल्यावर ऑइलचं झाकण उघडून उलटं ठेवा. झाकण नुसतं थरथरलं तर ठीक. उडून पडलं तर बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळतोय, रिंगा-लायनरचं काम निघेल.

चढाला काटा वर जातो त्याला मी रेडिएटर धरतो. पण आधी थर्मोस्टॅट वॉल्व्ह जागेवर आहे का विचारा. गाडी तापायला लागली की बरेच जण तो काढून फेकतात आणि साधं पाणी भरतात. मग इंजिन सकाळी नीट गरम होत नाही, डिझेल जास्त पितं, आणि साध्या पाण्यानं आतून गंज धरतो. गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, चालू करा आणि बुडबुडे बघा. सारखे बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. गरम असताना झाकणाला हात लावू नका, वाफेनं तोंड भाजतं.

आणि टायमिंग बेल्ट. आधीच्या मालकाला कधी बदलला हे आठवत नसेल तर बदललाच नाही असं समजा. तो तुटला की वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उतरावं लागतं. टेन्शनरसकट घाला.

पिवळी_पाटी_नाशिक

ताई, लायसन्सची काळजी सोडा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं स्पष्ट केलंय की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्याला ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, वेगळा शेरा लागत नाही. तुमच्या गाडीचं मालासकट एकूण वजन १,५५० किलो आहे.

पण मला दुसरीच काळजी वाटते. गाडी तुमच्या नावावर झाली का? तुम्ही ते लिहिलं नाहीत. फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या घेतल्या असतील तर खिशात ठेवून बसू नका. घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं, आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा दिसत असेल तर कर्ज फिटलं असलं तरी फॉर्म ३५ आणि त्यांचा दाखला लागतो. जुन्या गाड्यांत हे राहून गेलेलं असतं, मूळ मालक दोन हात मागं असतो आणि मग त्याला शोधत फिरावं लागतं.

फिटनेस दर वर्षी, कारण गाडी आठ वर्षांच्या पुढची आहे. पर्यावरण कराची पावती मागा, मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर तो लागतो. २०१९ च्या आधीची गाडी म्हणून नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेटही हवी. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी चमकणारी पट्टी. रॅकनं ती आणि मागचे दिवे झाकले जाऊ देऊ नका.

आणि रॅक वेल्डिंग करून हौद्याचाच भाग केलात तर ते वाहनातला बदल धरलं जाऊ शकतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवर जे लिहिलंय त्यात फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. रॅक सुटा असेल, बोल्टनं किंवा हुकानं बसत असेल, तर तो माल बांधायचं साधन. फिटनेसला जाताना घरी उतरवून ठेवा.

मिरची_पलूस

आमची पण नर्सरी आहे, ढोबळी मिरची आणि टोमॅटो. गाडीचं मला फार कळत नाही, ट्रेचं सांगतो.

पहिली गोष्ट, गाडी भरायच्या आधी पाणी देऊ नका. आदल्या संध्याकाळी द्या. लगेच पाणी दिलेला ट्रे जड होतो आणि गड्डा घसरतो, पार कोरडा असला तर भुसभुशीत होऊन सुटतो. मधली ओल असली तर धरून राहतो. आणि १८ दिवसांचं रोप कुणी घाईनं मागितलं तर देऊ नका, मुळांनी कोकोपीट बांधलेलंच नसतं.

दुसरी, वारा. चाळीसच्या वेगानं तासभर उघड्या हौद्यात वारा लागला की कोवळी पानं कडेनं करपतात आणि शेतकऱ्याला वाटतं औषध जास्त झालं. केबिनच्या मागं पूर्ण उंचीची ताडपत्री, बाजूंना शेडनेट. आम्ही शेडनेटच्या आतून ४० मेशची कीडरोधक जाळी पण लावतो. गाडी धावताना पांढरी माशी बसत नाही, पण शेतात पोचल्यावर अर्धा तास गाडी जुन्या टोमॅटोच्या प्लॉटशेजारी उभी राहते ना, तेवढ्यात बसते. आणि पानं गुंडाळणारा व्हायरस तीच आणते.

तिसरी, परतीचे रिकामे ट्रे. ते शेतकऱ्याची माती घेऊन येतात. एकाच फेरीत भरलेले आणि रिकामे एकत्र ठेवू नका, आणि घरी आले की धुऊन निर्जंतुक केल्याशिवाय शेडनेटमध्ये नेऊ नका. तुमच्या हौद्यात तर कोंबडीखत होतं. कोपऱ्यात, फाळक्याच्या बिजागरीत जे साचलंय ते खरवडून काढा. ब्लीचिंगचं पाणी मारलंत तर नंतर भरपूर साध्या पाण्यानं धुवा, नाहीतर उरलेला पत्रा तेच खाईल.

एक गोष्ट आम्ही करतो, टायरमधली हवा दहा-बारा पौंड कमी ठेवतो. गाडी बरीच मऊ चालते.

पाना_दहाबारा (इचलकरंजी)

दादा, बाकी सगळं सोन्यासारखं सांगितलंत, हवेचं मात्र नका करू. ही बारा इंची टायरं, आठ प्लायची. हवा कमी ठेवून डांबरी रस्त्यावर चाळीस किलोमीटर गेलं की बाजूची भिंत तापते आणि आतले धागे सुटतात. वरून काही दिसत नाही. कंपनीच्या पुस्तकात दिलीय तेवढीच ठेवा. ताई, तुम्ही आधी मोजून बघा, मालवाहू गाडी दिसली की पंक्चरवाले जास्तच भरतात.

वेल्डर_बारामती

रॅकबद्दल. हौद्याचं आतलं माप आणि ट्रेचं माप सांगा. आणि कुठलाही वेल्डर गाडीवर काही वेल्ड करणार असेल, अगदी ते कोपऱ्यातलं भोक बुजवणार असेल, तर आधी बॅटरीची वायर काढून ठेवायला सांगा. डिझेलचा पाइप आणि वायरिंग मागे कुठून जातंय ते खाली झोपून बघितल्याशिवाय होल्डर हातात घेऊ देऊ नका.

रोपवाटिका_जुन्नर

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. वहीत उतरवून घेतलं आणि वही घेऊनच गॅरेजला गेले. गावातल्या नाही, आळेफाट्याच्या एका काकांकडे, ते पाटे स्वतः सोडतात असं कळलं होतं.

इचलकरंजीच्या काका, तुमचं निदान तंतोतंत खरं निघालं. टोकं तांबडी होती. जुडगा सोडायला सेंटर बोल्ट कापावा लागला. वरचे दोन पाटे हातोडी मारूनही सुटेनात, पहार घालून उचकटले तेव्हा मधून गंजाचे पापुद्रे निघाले, मसाल्याच्या डब्यातल्या दालचिनीसारखे जाड. दोन्ही बाजूंचे मिळून ओंजळभर झाले. पाट्यांना चीर नव्हती, तेवढं नशीब. डाव्या शॉकअपचा दांडा मी स्वतः दाबला, दोन बोटांनी आत गेला आणि तिथंच राहिला. तेल कधीच गळून गेलेलं. दोन्ही नवे घातले.

थर्मोस्टॅट नव्हताच. रेडिएटरमधून चहाच्या रंगाचं पाणी निघालं. रेडिएटर काढून साफ केला तेव्हा बाहेरच्या जाळीत कोंबड्यांची पिसं आणि भुसा घट्ट बसलेला होता, वारा जायला जागाच नव्हती. नवा थर्मोस्टॅट, कूलंट. बुडबुडे आले नाहीत, ऑइलचं झाकण नुसतं थरथरतं. दोन्ही हीटर प्लगांपैकी एक बंद होता. टायमिंग बेल्टला आतून चिरा होत्या. बेल्ट, पाटे, शॉकअप, रेडिएटर, मागच्या ब्रेकचे लायनर आणि गळका व्हील सिलिंडर, सगळे मिळून १७,४०० रुपये झाले. मागच्या टायरात पुस्तकातल्यापेक्षा १४ पौंड हवा जास्त होती.

नाशिकच्या दादा, गाडी अजून माझ्या नावावर नव्हती. तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी मालकाला घेऊन कागद केले. बोजा उतरवलेला होता.

मापं अशी. हौदा आतून लांबीला ८६ इंच, रुंदीला ५८ इंच, बाजूच्या भिंती १२ इंच उंच. ट्रे २१ इंच लांब, पावणेअकरा इंच रुंद. पाणी दिलेला ट्रे वजनकाट्यावर १ किलो ९०० ग्रॅम भरला, आदल्या संध्याकाळी पाणी दिलेला १ किलो ४५०. रोपाची उंची ट्रेसकट सात-आठ इंच.

वेल्डर_बारामती

ताई, वजनकाटा लावून मापं देणारं गिऱ्हाईक आमच्याकडे आलं तर आम्ही चहा पाजतो.

रुंदीत पाच ट्रे, लांबीत चार, एका कप्प्यात २० बसतील. फ्रेमसाठी दोन्ही बाजूंनी इंच-दीड इंच उरतो, तेवढा पुरे. पाच नको, चार कप्पे करा. पहिला कप्पा भिंतीच्या उंचीला, १२ इंचांवर, म्हणजे ट्रे बाजूनं सरळ बाहेर ओढता येतो, भिंत आडवी येत नाही. पुढचे दहा-दहा इंचांवर. खालची मोकळी जागा पाण्याचा कॅन, स्टेपनी, पान्यांची पेटी यांना. वजन खाली राहिलं तर वळणावर गाडी डोलत नाही. पाचवा कप्पा घातला की नेमकं उलटं होईल, आणि वर वारा पण धरेल.

एक इंची स्क्वेअर पाइप, १६ गेज. रॅक एकसंध करू नका, साडेतीन-साडेतीन फुटांचे दोन भाग करा. एकेक भाग ४० किलोच्या आसपास होईल, दोघी जणी उतरवू शकतील. कप्प्याच्या कडेला अर्धा इंच उंच पट्टी, म्हणजे ट्रे सरकून पडणार नाही. रॅकच्या पायांखाली जुन्या कन्व्हेयर बेल्टचे चार-चार इंची तुकडे ठेवा, आणि हौद्याच्या कड्यांना टर्नबकलनं ताणून बांधा. लोखंडावर लोखंड टेकलं तर बारीक थरथर सगळी ट्रेमध्ये जाते. दोन सिलिंडरचं इंजिन आहे, थरथर तर असणारच.

हौद्याचं भोक नुसता तुकडा ठेवून बुजवू नका. भरीव पत्रा लागेपर्यंत कापून काढा, मग नवा तुकडा वेल्ड करा, खालून-वरून रेडऑक्साइड.

रोपवाटिका_जुन्नर

नऊ आठवड्यांनी लिहितेय. गणपतीच्या आधीचा टोमॅटो आणि दसऱ्याचा झेंडू, या गडबडीत वेळच मिळाला नाही.

रॅक दोन भागांत केला, ८४ किलो भरला, ९,२०० रुपये लागले. कोपऱ्यातला पत्रा कापत गेलो तर तळहाताएवढ्या भोकाचा ताटाएवढा तुकडा निघाला. कन्व्हेयर बेल्टचे तुकडे खडी क्रशरवरून फुकट मिळाले. केबिनमागं ताडपत्री, बाजूंना जाळी, खाली दोरीत लाकडी दांडा ओवलाय म्हणजे जाळी फडफडत नाही. इंजिन सीटखाली असल्यामुळे केबिनच्या मागचा भाग तापेल अशी भीती होती, म्हणून ताडपत्री आणि पहिल्या रांगेत चार इंच मोकळे सोडायचे होते, तेवढी जागा नव्हती. शेवटी थर्माकोलची शीट लावली. दुपारच्या खेपेत पहिल्या रांगेची पानं हातानं चाचपून बघते, अजून तरी गरम लागली नाहीत.

पहिली पूर्ण खेप ८० ट्रेंची नेली, ८,३२० रोपं. आमच्याकडच्या लावणीनं दीड एकराच्या जवळ होतात. सासूबाई शेजारी बसल्या होत्या आणि प्रत्येक खड्ड्याला मागे वळून बघत होत्या. ओतूरला त्याच शेतात, त्याच रस्त्यानं. जाळी उचलली तेव्हा मला आधी मोजायचा धीरच होईना. शेवटच्या रांगेत वरच्या कप्प्यात ११ गड्डे उडाले होते, त्याच्या खालच्यात ६, बाकी सगळ्या गाडीत मिळून ४. एकूण २१. शेतकरी दादांनी एक ट्रे उचलून सूर्याकडे धरला, पानं पाहिली आणि म्हणाले, "आत्ताच उपटल्यासारखं आहे." पूर्ण पैसे दिले आणि पुढच्या महिन्याची मिरची सांगून ठेवली.

आता चढाला काटा निम्म्यावर थांबतो. यू-बोल्ट ५०० किलोमीटरला तपासले, डाव्या बाजूचे दोन अर्धा फेरा फिरले. काका, पुढचा उजवा टायर आतून खातोय. आळेफाट्याच्या काकांनी चाक उचलून वर-खाली हलवून दाखवलं, किंगपिनमध्ये (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) खेळ आहे. दिवाळीनंतर रोपांची घाई कमी होते, तेव्हा दोन्ही बाजूंचं किट घालायचं ठरवलंय, तोवर पन्नासच्या वर नेत नाही.

राहिली ती शेवटची रांग. तिथं टोमॅटो न ठेवता झेंडू ठेवून बघतेय, आमच्याकडे त्याची मुळं गड्डा जास्त घट्ट धरतात. परवा बेल्ह्याची खेप आहे, ६० टोमॅटो आणि मागे २० झेंडू. मोजून आकडे इथं लिहीन.